स्पोर्ट्स सर्जन व्हायचं म्हणजे नक्की काय? आमच्या बॅचमेटवरून सांगतो

एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी सरकारी कॉलेजात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शाळेपासून खो-खो खेळते, जिल्ह्याकडून खेळलेली आहे, आणि आता म्हणते मला स्पोर्ट्स सर्जनच व्हायचंय. किती वर्षं जातील, पैसा आहे का त्यात, आणि मुलीच्या जातीला ऑर्थो, म्हणजे हाडांची सर्जरी, झेपतं का, असं त्यांनी विचारलंय.

आधीच सांगतो, मी स्वतः स्पोर्ट्स सर्जन, म्हणजे खेळातल्या सांध्याच्या दुखापतींची ऑपरेशनं करणारा, नाही. तालुक्याच्या गावात साधं जनरल ऑर्थो करतो, मोडलेली हाडं, कंबरदुखी, म्हाताऱ्यांचे खुबे. पण मिरजेला एमबीबीएसला माझा जो बॅचमेट होता, पुढे एमएसलाही आम्ही एकत्रच, तो आज मुंबईत पूर्णवेळ हेच काम करतो. माझ्याकडचे लिगामेंटचे (सांध्यात हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचे) पेशंट त्याच्याकडे जातात आणि ऑपरेशन झालं की टाके काढायला, व्यायामाला परत माझ्याकडे येतात, त्यामुळे त्याचं काम मला दोन्ही बाजूंनी दिसतं, ऑपरेशनच्या आधीचं पण आणि नंतरचं पण. कोर्सची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. मी त्याचं कसं झालं ते सांगतो, त्यातून तुम्हाला हवं ते उचला.

हा काही गोल्ड मेडलिस्ट वगैरे नव्हता. कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये कॉर्नरला उभा राहायचा, घोटा पकड चांगली होती. सांगली-मिरज-कोल्हापूर पट्टा म्हणजे तालमी आणि कबड्डी मंडळांचा, तिथली पोरं गुडघा सुजवून कॅज्युल्टीला यायची, एक्स-रे नॉर्मल यायचा, क्रेप बँडेज आणि गोळ्या देऊन घरी पाठवायचे, आणि ती पोरं पंधरा दिवसांनी परत मैदानावर. मग परत गुडघा निसटायचा. वर्षभरात खेळ बंद. त्याच्या बरोबर खेळणारी दोन-तीन पोरं अशीच बसली. नव्वदच्या दशकात लिगामेंट तुटलंय हे कळायला एमआरआय पण हाताशी नव्हता, पण खरं सांगू का, एमआरआय लागतोच असं नाही. वळताना 'टक' असा आवाज आला, दोन तासांत गुडघा टम्म फुगला, आणि नंतर जिना उतरताना पाय आपला वाटत नाही, एवढं पेशंट सांगत असेल तर एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, गेलेलं असतं बहुतेक. त्यावर लॅकमन टेस्ट, म्हणजे हाताने नडगी पुढे ओढून गुडघा ढिला झालाय का बघणं, करायला अर्धा मिनिट लागतो. हे त्याला एमबीबीएसलाच डोक्यात बसलं होतं आणि बाकी आम्ही सगळे वाय्‌व्हामध्ये विचारतील म्हणून पाठ करत होतो.

आता तुमच्या मुलीला वाटत असेल की पहिल्या दिवसापासून खेळाडूच बघायचे. तसं नसतं. एमएस ऑर्थोची तीन वर्षं म्हणजे निव्वळ अ‍ॅक्सिडेंट. टू-व्हीलरवाले, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरखाली आलेले, शेडवरून पडलेले. मांडीच्या हाडात रॉड टाकायचा, प्लास्टर कापायचं, रात्री तीनला जखम धुवायची. आमच्या वेळेला दुर्बिणीचं ऑपरेशन रेसिडेंटला लांबून बघायला मिळालं तरी नशीब. तो कधीकधी वैतागायचा की मी इथे काय करतोय म्हणून, पण आज त्यालाच विचारा, तो म्हणेल ती तीन वर्षं नसती तर पुढचं काही जमलं नसतं. गुडघ्याच्या आत काम करताना अचानक काही बिनसलं तर बाहेरून उघडून सावरता आलं पाहिजे, आणि ते फक्त ट्रॉमातच शिकायला मिळतं. म्हणून जी मुलं म्हणतात की मला ट्रॉमा नको, डायरेक्ट स्पोर्ट्स पाहिजे, त्यांना मी तिथेच थांबवतो.

हां, इथे एक फाटा आहे तो लोकांना माहीत नसतो. एमडी स्पोर्ट्स मेडिसिन नावाचा वेगळा कोर्स आहे, त्याच्या सीट्स देशात कमी आहेत. तो केलेला डॉक्टर खेळाडूंची दुखापत, फिटनेस, आहार, टीमबरोबरचा प्रवास सगळं बघतो, पण ऑपरेशन करत नाही. ऑपरेशन करायचं तर एमएस किंवा त्याच्याच बरोबरीची डीएनबी ऑर्थो आणि त्यावर आर्थ्रोस्कोपी-स्पोर्ट्सची फेलोशिप, म्हणजे सांध्यातली दुर्बिणीची ऑपरेशनं एखाद्या सीनियरच्या हाताखाली शिकायची. मुलीला खेळाडूंमध्ये राहायचंय की ओटीमध्ये (ऑपरेशन थिएटरमध्ये), हे तिने इंटर्नशिपपर्यंत स्वतःलाच विचारावं. दोन्ही चांगलंच आहे, पण दिवस कसा जातो ते पूर्ण वेगळं.

एमएस झाल्यावर आमच्या बॅचमधल्या बहुतेकांनी कर्ज काढून हॉस्पिटल टाकलं, मीही टाकलं. हा मुंबईत एका सीनियर आर्थ्रोस्कोपी सर्जनकडे फेलो म्हणून गेला, स्टायपेंड एवढा की खोलीचं भाडं गेल्यावर वडापाव. घरचे म्हणायचे, अहो, डॉक्टर होऊन तिशीत अजून शिकतोच आहे. त्याचं लग्न जमेना, कारण मुलीकडच्यांना 'फेलो' म्हणजे काय हे समजावता समजावता त्याच्या वडिलांची दमछाक. पण ही विद्या हातात यायला वेळ लागतोच. गुडघ्यात दोन बारीक भोकं, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यार, आणि बघायचं मात्र समोरच्या स्क्रीनकडे. हात एकीकडे, डोळे दुसरीकडे. पहिले काही महिने कॅमेरा धरायचा, नंतर गादीचा (गुडघ्यातल्या दोन हाडांमधल्या कूर्चेचा) फाटका तुकडा काढायचा, मग गादी शिवायची, आणि लिगामेंट सगळ्यात शेवटी. जपानमध्ये वातानाबे यांनी १९६२ ला टोकियोत दुर्बिणीतून गादीचा तुकडा काढला, तिथून हे सगळं सुरू झालं, आणि कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन त्यांच्याकडून शिकून आले तेव्हा अमेरिका-कॅनडात पसरलं. म्हणजे मुळातच ही विद्या कोणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकायची आहे. म्हणून फेलोशिप निवडताना हॉस्पिटलच्या नावापेक्षा सर तुम्हाला स्वतः करू देतात का, हे आधीच्या फेलोला फोन करून विचारावं.

मग स्वतःची प्रॅक्टिस. इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पेपरात रिषभ पंत, नीरज चोप्रा यांची नावं वाचून पोरांना वाटतं ओपीडीत असेच लोक बसलेले असतात. त्याच्या ओपीडीत पहिली कित्येक वर्षं स्कूटीवरून घसरलेल्या बायका, रविवारी टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळून गुडघा मोडून घेतलेले आयटीवाले, आणि भरतीची पोरं. लिगामेंटचे आपल्याकडचे खूप पेशंट गाडीवरून पडलेलेच असतात, खेळाचा आणि त्यांचा काही संबंध नसतो.

भरतीच्या पोरांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हा खास आपल्याकडचा विषय आहे आणि पुस्तकात कुठे सापडणार नाही. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. जाहिरात आली की पोरं डांबरी रस्त्यावर पहाटे चारला पळायला सुरुवात करतात, फाटके बूट, आधीची तयारी शून्य, आणि महिन्याभरात नडगी दुखायला लागते. त्याला शिन स्प्लिंट, म्हणजे पळून पळून नडगीला आलेली साधी दुखी, म्हणून सोडून द्यायचं की हाडाला बारीक चीर गेलीय, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर आहे, हे ओळखायचं. एक्स-रेत सुरुवातीला काहीच दिसत नाही. बोटाने दाबलं की एकाच जागी, अगदी रुपयाएवढ्या जागेत दुखतं, तिथे शंका घ्यायची. आणि मग त्या पोराला सांगायचं की बाबा सहा आठवडे पळू नकोस. तो रडतो, बाप हात जोडतो, वयाची अट संपत आलेली असते, एखादं इंजेक्शन देऊन टाका म्हणतात. चिरीवर पळून पूर्ण हाड मोडलेली पोरं मी माझ्या ओटीत घेतलीत. इथे ऑपरेशन काहीच नाही, फी दोन-तीनशे रुपये, आणि समजावण्यात अर्धा तास. स्पोर्ट्स सर्जनचं निम्मं काम हे असं आहे, आणि ज्याला त्याचा कंटाळा येतो त्याने या लायनीत येऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ऑपरेशनबद्दल. एसीएलचं ऑपरेशन सरावलेल्या हाताला तास-सव्वा तासाचं. मांडीच्या मागच्या बाजूचे दोन स्नायूबंध काढायचे, दुमडून चौपदरी करायचे, हाडात बोगदा पाडून त्यातून ओवायचे, वर बटण, खाली स्क्रू. जाडी आठ मिलिमीटरच्या खाली गेली की परत तुटायची भीती वाढते, म्हणून बारीक चणीच्या पोरींमध्ये कधी वाटीखालची पट्टी घेतात, कधी घोट्याजवळचा पेरोनियस नावाचा स्नायूबंध. यावर कॉन्फरन्सला तासन्‌तास भांडणं चालतात. आणि गडबडीत करायचंही नसतं, गुडघ्याची सूज उतरून तो पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, नाहीतर ऑपरेशन छान आणि गुडघा आखडलेला. पण माझा बॅचमेट म्हणतो, हे सगळं या धंद्यातलं सोपं काम आहे, आणि मी त्याच्याशी शंभर टक्के सहमत आहे. अवघड काम पुढचे नऊ महिने.

काय होतं ना, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पेशंटला एकदम बरं वाटायला लागतं. दुखत नाही, सूज नाही, हळूहळू पळता येतं. आणि आत मात्र तो नवा दोर अजून जिवंत झालेला नसतो, त्याच्यात रक्तपुरवठा यायचा असतो, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत तर तो लावला त्यापेक्षाही कमजोर होतो. हे पोरांना पटवायचं कसं? तासगावकडचा एक रेडर होता, घरची द्राक्षबाग. पाचव्या महिन्यात आला, म्हणे जत्रेची स्पर्धा आहे, पहिलं बक्षीस मोटरसायकल, मंडळाचे अध्यक्ष पण बरोबर आलेले. त्याला माझ्या बॅचमेटने विचारलं, डॉगरिजच्या (द्राक्षाच्या रानटी वेलाच्या) खुंटावर कलम भरलं की त्याच साली माल धरतोस का रे? पोरगं गप्प. अध्यक्ष मात्र गप्प बसले नाहीत, म्हणाले दुसऱ्या डॉक्टरकडून फिटनेस आणतो. आणलाही असेल, आणणाऱ्याला मिळतो. पण ते पोरगं त्या वर्षी खेळलं नाही, पुढच्या सीझनला उतरलं आणि अजून खेळतंय.

आकडे सांगतो, कारण पालकांनी हे माहीत ठेवलेलं बरं. जगभरातल्या अभ्यासांची २०१४ मध्ये एकत्र मोजणी झाली त्यात एसीएल ऑपरेशननंतर १०० पैकी साधारण ८१ जण काही ना काही खेळाकडे परत गेले, पण आधीच्या लेव्हलला ६५, आणि स्पर्धेत उतरले ते ५५. म्हणजे टॉपच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं म्हणून खेळाडू परत खेळेलच याची गॅरंटी नाही. पंचविशीच्या आतली पोरं परत खेळायला लागली की जवळजवळ चौघांतल्या एकाचं या नाहीतर त्या गुडघ्याचं लिगामेंट पुन्हा जातं. आणि नऊ महिन्यांपर्यंत एकेक महिना जास्त थांबाल तसा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका साधारण निम्म्याने उतरत जातो, हे २०१६ च्या नॉर्वेतल्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे माझा बॅचमेट कॅलेंडर पण बघतो आणि टेस्ट पण घेतो, एका पायावर उडी, दोन्ही पायांची ताकद, दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्के तरी आली पाहिजे. नाही आली तर दहावा महिना, अकरावा महिना. पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा, जानेवारीत मुंबईत गुडघ्याचं ऑपरेशन, आणि मैदानावर आला मार्च २०२४ मध्ये. त्याच्या मागे अख्खी यंत्रणा होती, तरी जवळजवळ पंधरा महिने. मग गावच्या पोराने पाच महिन्यांत का उतरावं?

थांबण्याचं अजून एक उदाहरण. बेसबॉलमध्ये टॉमी जॉन म्हणून पिचर (चेंडू फेकणारा) होता, त्याच्या कोपराचं लिगामेंट फ्रँक जोब यांनी १९७४ ला लॉस एंजेलिसमध्ये दुसऱ्या हाताचा स्नायूबंध काढून नवीन बसवलं, तोपर्यंत असं कोणी केलं नव्हतं. ऑपरेशनला त्या माणसाचंच नाव पडलं. लोक जोब यांचं कसब आठवतात, पण १९७५ चा अख्खा सीझन तो पिचर बाहेर बसला आणि १९७६ ला उतरला, पुढे १९८९ पर्यंत खेळला. बसायला तयार झाला म्हणून ते ऑपरेशन गाजलं.

टीम डॉक्टर होणं हा ग्लॅमरचा भाग, त्याचंही सांगतो. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि त्यानंतर आमच्या बॅचमेटकडे मोठे खेळाडू यायला लागले, तोपर्यंत त्याच्या केसांत पांढरं आलं होतं. पैसा मोठ्या खेळाडूंकडून येतो असं वाटतं ना, तसं नाही. तिथे नाव मिळतं, फोटो मिळतो, आणि त्यामुळे बाकीचे पेशंट येतात. घर चालतं ते आयटीवाल्यांच्या आणि स्कूटीवाल्यांच्या गुडघ्यांवर. आणि टेन्शन वेगळंच. सामन्याच्या दिवशी दुखतंय म्हणून कुणी साधी ट्रॅमाडॉलची गोळी दिली तरी खेळाडू डोपिंगमध्ये अडकतो, १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात तिच्यावर बंदी आहे. स्टिरॉइडचं इंजेक्शन, जे आम्ही ओपीडीत टाचेला सर्रास देतो, ते कुठल्याही जागी दिलं तरी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात चालत नाही, आधी रीतसर परवानगी काढावी लागते. तालमीतल्या पोरांच्या डब्यातली पावडर तर विचारूच नका. आणि काही बिनसलं की लोक डॉक्टरला धरतात. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट कुस्तीच्या ५० किलो गटाच्या फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून बाहेर गेली, आणि लोक घरी बसून मेडिकल टीमवर तुटून पडले. वजनाची जबाबदारी खेळाडू आणि कोचची असते असं भारतीय ऑलिंपिक संघटनेला जाहीरपणे सांगावं लागलं. तर हे पण या करिअरमध्ये येतं.

पैशाचं सरळ सांगतो. पस्तिशीपर्यंत जनरल ऑर्थोवाला पुढे असतो, माझं हॉस्पिटल उभं राहिलं तेव्हा माझा बॅचमेट दुसऱ्यांच्या तीन हॉस्पिटलांत अटॅचमेंट करत लोकलने फिरत होता. शिवाय पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांना कट देणार नाही म्हणाला, तर बऱ्याच जणांनी पेशंट पाठवणं बंद केलं. ती वर्षं त्याने फिजिओ लोकांच्या जिवावर काढली, कारण ऑपरेशन कुणाचं चांगलं झालंय हे फिजिओला सगळ्यात आधी कळतं, आणि ते पेशंट पाठवतात ते कटसाठी नाही. चाळिशीनंतर तो पुढे गेला. आता चांगलाच पुढे आहे, मला त्याचा हेवा वाटतो कधीकधी, विशेषतः रात्री दोनला खुब्याचं फ्रॅक्चर येतं तेव्हा.

मुलीला झेपेल का. अहो, खो-खोमध्ये खांबावर सूर मारणारी पोरगी आहे ती. ऑर्थोला ताकद लागते हे अर्धसत्य आहे, खुबा बसवायला, मांडीचं हाड ओढायला लागते, पण त्याला टेबल आहे, असिस्टंट आहेत, आणि युक्ती आहे. आर्थ्रोस्कोपीत तर ताकदीपेक्षा हाताची नजाकत लागते. अडचण ताकदीची नाहीच, ऑर्थोच्या डिपार्टमेंटमध्ये अजून मुली फार कमी, काही ठिकाणी युनिटमध्ये एकटीच असते, टोमणे असतात, रात्री झोपायला धड वेगळी खोली नसते. हे तिला आधी माहीत असू दे. दुसरीकडे, अशी डॉक्टर पाहिजेच आहे. वळणं, उड्या असलेल्या खेळांत मुलींचं एसीएल मुलांच्या दुपटीहून जास्त तुटतं. ज्या मुलींची पाळी वजन कमी करण्याच्या नादात बंद झालेली असते त्यांची हाडं ठिसूळ होऊन चिरा जातात, आणि कबड्डीवाली सोळा वर्षांची पोरगी हे पुरुष सर्जनला सांगत नाही, शेजारी कोच उभा असतो तेव्हा तर नाहीच. माझ्या ओपीडीत मी सिस्टरला आत बोलावून विचारून घेतो, पण तिथे एक बाई सर्जन असती तर पोरगी पहिल्याच दिवशी बोलली असती.

वर्षांचा हिशोब: एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच, सरकारी कॉलेजचा बाँड (सक्तीची सरकारी नोकरी) एक, नीट-पीजी पहिल्या फटक्यात निघाली तर एमएस तीन, त्याचा बाँड परत एक, फेलोशिप एक ते दोन. तिशी ओलांडतेच. मधे लग्न, बाळंतपण यायचं असेल तर घरच्यांनी आत्ताच ठरवावं की घाई कोण करणार आणि कोण नाही.

आणि आत्ता तिने काय करावं? खेळणं सोडू नये. जमलं तर सुट्टीत एखाद्या स्पोर्ट्स फिजिओकडे जाऊन बसावं, सर्जनकडे नंतर. लिगामेंटचा एक पेशंट पहिल्या दिवसापासून नवव्या महिन्यापर्यंत बघावा, त्यात कंटाळा आला नाही तर ही लाइन तिची. तिच्या स्वतःच्या टीमला फिफाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप शिकवावा, फुटबॉलवाल्या पोरींमध्ये त्याने दुखापती साधारण एक तृतीयांश कमी झाल्या होत्या, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरायला शिकवतात त्यात, आणि खो-खोला ते जसंच्या तसं लागू पडतं. खर्च शून्य. सीट, फी, कटऑफ हे दरवर्षी बदलतं, ते त्या वर्षीचं माहितीपत्रक बघूनच ठरवा. माझ्या मित्राच्या ओटीत उभं राहून बघायचं असेल तर एमएसला लागल्यावर कळवा, मी बोलून देतो. आत्ता नको. आत्ता दुसरं वर्ष आहे, पॅथॉलॉजी आणि फार्माकॉलॉजी डोक्यावर आहे.